स्वमत पाठ करून येतं का?

मागच्या अंकात मी शाळेच्या परिपाठाबद्दल जरा चिडूनच लिहिलं होतं, की रोज सकाळी एक पोरगा पेपर हातात धरून चार बातम्या घडाघडा वाचतो, समोर उन्हात बसलेली अडीचशे मुलं बोटांनी माती उकरत असतात, आणि 'आजच्या बातम्या संपल्या, धन्यवाद' झालं की कोणालाच काही आठवत नाही, वाचणाऱ्याला तर त्याहून नाही. त्यापेक्षा पोरांना बातमीवर प्रश्न विचारायला शिकवा, असं म्हटलं होतं. एवढ्यावरून इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काही प्रेमाची आहेत, काही 'सर, तुम्ही रिटायर झाले म्हणून तुम्हाला हे सुचतंय' छापाची. त्यातली सहा घेतोय, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : सर, मी एका हायस्कूलला नववी-दहावीला मराठी शिकवते. मुलांनी चालू घडामोडींवर लिहावं म्हणून मी 'कापसावरचं आयात शुल्क काढलं, तुमचं मत लिहा' असं दिलं. बेचाळीस वह्या आल्या आणि जवळजवळ सगळ्यांत एकच, 'शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे, शासनाने याकडे गांभीर्याने लक्ष द्यावे.' ह्या मुलांना स्वतःचं मत नसतंच का हो? (एक शिक्षिका, चोपडा तालुका)

ताई, मत असतं, पण ते वहीत लिहायचं असतं हे त्यांना माहीत नसतं, आणि त्यात चूक आपली आहे. कुमारभारतीच्या, म्हणजे मराठीच्या पुस्तकातल्या, धड्याखाली 'स्वमत' म्हणून प्रश्न येतो बघा, आणि त्याचं उत्तर गाइडमध्ये छापून मिळतं. स्वमताचं उत्तर! मी स्वतः एकतीस वर्षांच्या नोकरीत किती वेळा वर्गात विचारलं असेल, 'स्वमत पाठ केलं का रे?' एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, 'सर, कोणाचं?' वर्ग हसला, मीही हसलो आणि पुढचा प्रश्न घेतला. रात्री जेवताना ते परत आठवलं तेव्हा काही हसू आलं नाही.

आता तुमचाच विषय मी केलाय म्हणून सांगतो. रिटायर झाल्यापासून शनिवारी सकाळच्या शाळेत दोन तास आमच्या गावात जातो, मानधन वगैरे काही नाही, चहा मिळतो. नववीला हीच कापसाची बातमी घेतली आणि पहिल्याच तासाला तुमच्यासारखंच विचारून बसलो, तुमचं मत काय. पोशिंदा आलाच. मग फळ्याच्या कोपऱ्यात 'पोशिंदा', 'गांभीर्याने', 'काळाची गरज' हे शब्द लिहिले, त्यांच्यावर काट मारली आणि सांगितलं की हे शब्द वापरायचे नाहीत आणि पुढच्या दोन शनिवारी कोणी मत द्यायचंच नाही. नुसतं काय झालं ते सांगायचं. पोरं गोंधळली, त्यांना मत देणं सोपं वाटतं, काय झालं ते सांगणं अवघड.

काय झालं होतं, तर केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क काढून टाकलं, आधी म्हटले ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. अर्ध्या वर्गाला शुल्क म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, एक जण म्हणाला 'जकात', म्हटलं हां, जकातच समज, बाहेरून येणाऱ्या मालावरची. का काढलं, तर कापडवाल्यांना कच्चा माल स्वस्त पाहिजे होता आणि त्याच महिन्यात अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत टॅरिफ लावलं, त्यामुळे कपडे एक्स्पोर्ट करणाऱ्यांची कोंडी झालेली. एवढं सगळं फळ्यावर तारखांसकट लिहिलं आणि बाजूला आपलं कापसाचं कॅलेंडर, जूनला लागवड, वेचणी दसरा-दिवाळीच्या आगेमागे. एक पोरगी बराच वेळ दोन्हीकडे बघत बसली आणि म्हणाली, 'म्हणजे सर, आपला कापूस घरात येईल तेव्हाच की.' मी खडू खाली ठेवला. बोललो काही नाही, पण आतून बरं वाटलं.

दुसऱ्या शनिवारचं काम घरी होतं, या बातमीने आपल्या घरात कोणाला काय फरक पडला ते विचारून या. इथे खरी मजा आली. एकाने लिहिलं की लांब धाग्याच्या कापसाला यंदा (२०२५-२६) क्विंटलला ८,११० रुपये हमीभाव आहे हे आम्ही शाळेत वाचलं, पण आमच्याकडून खेडा खरेदीवाला त्याहून कमीत घेऊन गेला, पप्पांना विचारलं का दिला तर म्हणाले सीसीआयला (हमीभावाने कापूस घेणारं सरकारी महामंडळ) ओलावा १२ टक्क्यांच्या वर चालत नाही, ॲपवर नोंदणी करा, नंबर लागायची वाट बघा, आणि मला दुकानदाराची खताची उधारी आत्ता द्यायचीय. आता हा पोरगा अग्रलेख लिहिणाऱ्यापेक्षा पुढे गेला की नाही? हमीभाव असणं आणि हमीभाव मिळणं यात काय काय अडतं ते त्याने चार ओळीत मांडलं, आणि तेही पप्पांना एक प्रश्न विचारून.

दुसऱ्या एकाचा काका सुरतला कापडाच्या कारखान्यात आहे, आपल्याकडची निम्मी खेडी सुरतला लागलेली आहेत ते तुम्हाला माहीतच आहे. मी आपलं हुशारीने सांगून बसलो होतो की बघ, कापूस स्वस्त झाला तर काकाचं काम टिकेल, म्हणजे एकाच घरात दोन बाजू. पोराने काकाला फोन केला तर काका म्हणाला, 'सरांना सांग, आमच्याकडे पॉलिस्टर चालतं, कापसाचा काय संबंध?' वर्गात हे वाचून दाखवताना त्याला जे सुख झालं ते मी बघत होतो, आणि सुरतेत बहुतेक काम सिंथेटिक धाग्याचंच चालतं हे कापडाच्या गावांबद्दल बोलताना मला आधी माहीत असायला पाहिजे होतं, नव्हतं. फळ्यावरचं माझं वाक्य मीच पुसलं.

आणि एक वही अशी, जी मी अजून विसरलो नाही. 'माझी आई कापूस वेचायला जाते. तिला किलोवर पैसे मिळतात. भाव वाढला तरी वेचणीचा रेट तोच राहतो आणि पडला तरी तोच राहतो. आई म्हणते शेतकऱ्याचा कापूस आहे, आपला नाही. म्हणून या बातमीत आमचं घर कुठे आहे ते मला सापडलं नाही.' एवढंच. पाच वाक्यं. हिला मी पाचपैकी पाच दिले, आणि शेजारच्या पोराला, ज्याने शुल्क काढलं ते बरोबरच केलं असं लिहिलं आणि त्याला दोन पटणारी कारणं दिली, त्यालाही पाचच दिले. माझं स्वतःचं मत त्याच्या उलट आहे पण मार्क कारणाला असतात, मताला दिले की पुढच्या वेळी सगळी पोरं तुमचंच मत लिहून आणतील, ती काय कमी हुशार असतात का.

तर ताई, बेचाळीस वह्या परत द्या आणि तीन शनिवार काढा. सिलॅबस मागे पडेल, हेडसर बोलतील. बोलू द्या.

प्रश्न : माझी मुलगी आठवीला आहे. शाळेत राजकारण आणू नये असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. चालू घडामोडी म्हटलं की शेवटी पक्षच येतात, आणि शिक्षक लोक आपली मतं पोरांच्या डोक्यात भरतात. हे थांबवायचं सोडून तुम्ही उत्तेजन का देता? (एक पालक, भुसावळ)

दादा, तुमची भीती खोटी नाही. मी स्टाफरूममध्ये आयुष्य काढलंय, तासाला गेल्यावर पुस्तक न उघडता आपल्या आवडत्या पुढाऱ्याची आरती ओवाळणारे पण पाहिलेत आणि नावडत्याला शिव्या घालणारे पण. म्हणून मी एक नियम पाळतो, पोरांचं लिहून होईपर्यंत माझं मत खिशात. नंतर कोणी विचारलंच तर सांगतो, लपवत नाही, पण वह्या गोळा झाल्यावर.

मात्र खिडकीच बंद करा म्हणाल तर ते आपल्या खान्देशला शोभणार नाही. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलला शिक्षक होते तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने 'छात्रालय' दैनिक लिहून काढायचे, १९२८ ला त्यांनी 'विद्यार्थी' नावाचं मासिक पण काढलं. दैनिकाला ना प्रेस ना पैसा, रात्री जागून लिहायचं. नंदुरबारला शिरीषकुमार १९४२ च्या चले जाव मोर्चात पोलिसांच्या गोळीने गेला तेव्हा शाळकरी पोर होता, आपण दरवर्षी त्याला हार घालतो आणि वर्गात येऊन म्हणतो, गप्प बसा, हा तुमचा विषय नाही. पोरांना मोर्चाला पाठवा असं मी म्हणत नाहीये, तेवढं गैरसमजात घेऊ नका, फक्त ही विसंगती पोरांना दिसते, ती बोलत नाहीत एवढंच.

तरीही पक्ष नको असेल तर बिनपक्षाच्या बातम्या भुसावळला भरपूर आहेत. पावसाळ्यात 'हतनूरचे दरवाजे उघडले' ही तापीवरच्या धरणाची बातमी येते, मुलीला विचारा, दरवाजे उघडले म्हणजे खालच्या गावांना कोण सांगतं, कसं सांगतं, सांगितल्यावर गुरं कुठे नेतात? नाहीतर मे महिन्यातली 'पारा ४५ च्या वर' ही बातमी घ्या. तापमान कुठे मोजतात, सावलीत का उन्हात, आणि यार्डात रुळावर काम करणाऱ्या माणसाला तेव्हा किती लागत असेल? यातला एकही प्रश्न तुम्हाला राजकारणाचा वाटला तर मला परत पत्र टाका.

प्रश्न : मी अक्कलकुवा तालुक्यातल्या आश्रमशाळेत आहे. आमची मुलं भिली-पावरी बोलणारी. मराठीत मत विचारलं की खाली बघतात. पुण्या-मुंबईच्या बातम्यांशी त्यांना घेणंदेणं नाही. अशा मुलांना हे शिकवणं शक्य आहे का? (एक शिक्षक)

सर, पहिल्यांदा बोलू द्या, त्यांच्याच बोलीत, आणि लिहायचं काम तुमच्याकडे घ्या. बहिणाबाईंना कुठे लिहिता-वाचता येत होतं? त्या बोलल्या, त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने उतरवून घेतलं, आणि आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. मूल बोलतं आणि गुरुजी लिहून घेतात यात काही कमीपणा नाही. बोली कळत नसेल तर सातवी-आठवीतलं एखादं पोर दुभाषी म्हणून बसवा, ते तर उड्या मारत येईल.

बातमीचं म्हणाल तर पुण्या-मुंबईची कशाला पाहिजे, तुमच्या तालुक्यातली काठीची राजवाडी होळी दरवर्षी सगळ्या पेपरांत येते. तोच मोरपिसांच्या टोपाचा फोटो, तेच 'पारंपरिक वेशभूषेत आदिवासी बांधवांचा जल्लोष'. ती बातमी वर्गात वाचा आणि ज्यांच्याबद्दल ती छापलीय त्यांनाच विचारा, यात काय चुकलं, काय राहून गेलं? कोण कोण किती दिवस आधीपासून कसलं पाळतं, बांबू कुठून आणतात, गुजरातला कामाला गेलेली माणसं होळीला परत येतात का आणि आली तर किती दिवस राहतात? मला खात्री आहे पोरं खाली बघणार नाहीत, तुमचीच वही कमी पडेल. लिहून झालं की मला पाठवा, मी बातमीसोबत इथे छापायला संपादकांच्या मागे लागतो.

प्रश्न : माझा मुलगा दहावीला आहे. काहीही सांगितलं की म्हणतो, 'मम्मी, हे फेक आहे.' पेपर फेक, टीव्ही फेक, मोबाइलवरचं तर सगळंच फेक. तुम्ही म्हणता प्रश्न विचारायला शिकवा, पण हा प्रश्न विचारतच नाही, सरळ निकाल देतो. काय करू? (एक आई, धुळे)

ताई, पत्र वाचून हसलो, तुम्हालाही एक दिवस फेक ठरवेल तो. पण त्याचा संशय मी लगेच वाईट म्हणणार नाही, कारण आपल्याच जिल्ह्यात राईनपाड्याला काय झालं ते आपण विसरलेलो नाही. १ जुलै २०१८, साक्री तालुका, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आलीय असं मोबाइलवर फिरत होतं आणि भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने मारून टाकलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करता येईल असं केलं. दहावीच्या पोराला हे सांगायला हरकत नाही, मी सांगतो, आवाज न चढवता सांगतो आणि थोडा वेळ थांबतो. त्या दिवशी तिथे एखाद्याने जरी 'हे फेक असेल' म्हटलं असतं तर, हा विचार पोरांच्या तोंडावर दिसतो.

तुमच्या मुलाचा संशय मात्र आळशी आहे. न वाचता खरं म्हणणारा आणि न वाचता खोटं म्हणणारा, दोघांचा वेळ सारखाच वाचतो. माझी आजी, शाळा न पाहिलेली बाई, कोणी ओट्यावर काही खबर आणली की आधी विचारायची, 'तू देखं, का कोनी सांगं?' हा प्रश्न घरात चालू करा, आणि हातात काम द्या. पुष्पक एक्सप्रेसची बातमी घ्या, २२ जानेवारी २०२५ ची, पाचोऱ्याजवळ परधाडे-माहेजीच्या मध्ये. आग लागल्याची अफवा उठली, साखळी ओढली, लोक शेजारच्या रुळावर उतरले आणि समोरून कर्नाटक एक्सप्रेस आली. त्या दिवसाची आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसाची बातमी शोधून दोन्ही शेजारी ठेवायला सांगा. मेलेल्यांचा आकडा बदलला का, कारण बदललं का? मग तीन रंगांची पेनं द्या, 'अधिकाऱ्यांनी सांगितले' याखाली एक रंग, 'प्रत्यक्षदर्शी म्हणाले' याखाली दुसरा, आणि 'असे समजते' याखाली तिसरा. आपल्या मराठी पेपरांचं हे 'समजते' म्हणजे मोठं प्रकरण आहे, कोणाला समजलं, कोणाकडून समजलं, काही पत्ता नसतो. तो तिसरा रंग कुठे कुठे सांडलाय ते पोराने स्वतः पाहिलं की त्याला कळेल की एकाच बातमीत पक्कं, अर्धकच्चं आणि ऐकीव असं तिन्ही असतं, आणि अख्ख्या बातमीवर एकच शिक्का मारता येत नाही.

मग आला म्हणत 'मम्मी, हे फेक आहे' तर फक्त विचारा, कुठल्या रंगाचं?

प्रश्न : जळगावला अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करतोय. चालू घडामोडींचे हजारेक वनलायनर पाठ आहेत, पण आता मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आणि दीडशे शब्द लिहायला बसलो की तिसऱ्या ओळीला अडतो. (एक विद्यार्थी)

भाऊ, हजारातले दहा घे, बाकीचे पडू दे. दहांपैकी प्रत्येकाला 'आधी काय होतं' आणि 'कोणाला न परवडणारं आहे' हे दोन प्रश्न लाव, आणि उत्तर अभ्यासिकेच्या खालच्या चहावाल्याला समजेल असं आधी तोंडी सांग. तो मध्येच ज्या जागी 'म्हणजे काय?' म्हणेल, तिथेच तुझी तिसरी ओळ अडत असते. बाकी टेक्निक वगैरे क्लासवाले सांगतील, फी घेतात ते.

प्रश्न : सर, मी दहावीत आहे. आमच्या मॅडमनी बातम्यांवर मत लिहायची वही सुरू केलीय. मी जूनमध्ये एका बातमीवर जे लिहिलं ते आता मला बरोबर वाटत नाही. ते पान फाडू का? वही मॅडमना दिवाळीनंतर दाखवायची आहे आणि मैत्रिणी हसतील. (एक विद्यार्थिनी, पारोळा तालुका)

बेटा, फाडू नको आणि व्हाइटनर पण लावू नको. त्या पानावर वर जूनची तारीख टाकलेली आहे का बघ, नसेल तर टाक. खाली एक रेघ ओढ, आजची तारीख घाल आणि नुसतं 'आता असं वाटतं' लिहून थांबू नकोस, मध्ये काय झालं ते लिही, काही नवीन वाचलंस, कोणी काही सांगितलं, का स्वतः जाऊन पाहिलंस? बदललं ते का बदललं यातच सगळी गंमत आहे, तुझ्या मॅडम ते पान आधी उघडतील बघ. मैत्रिणी हसल्या तर त्यांच्या वहीतलं जूनचं पान मागून घे आणि वाच, कदाचित त्यांचं अजून तेच असेल, कदाचित त्यांनी फाडलं असेल. जागा कमी पडली तर पुरवणी जोड, दोरा आईकडे मिळेल.